माणुसकी

माणुसकी (स्त्रीलिंगी नाम) म्हणजे माणसाला शोभेल असं वागणं. कणव, दया, अडल्यानडल्याला हात देणं हे सगळं त्यात आलं. अर्थ सगळ्यांना माहीतच आहे, खरा घोळ आहे तो व्युत्पत्तीचा.

'माणूस' हा संस्कृत 'मानुष' वरून प्राकृत 'माणुस' मार्गे आला, 'न' चा 'ण' होणं महाराष्ट्री प्राकृतात नेहमीचंच, त्यामुळे इथपर्यंत वाद नाही. पण 'मानुष' कुठून आला? पाणिनीच्या सूत्रानुसार (४.१.१६१) 'मनु' ला प्रत्यय लागतो, मध्ये 'ष्' येतो आणि मानुष, मनुष्य हे दोन्ही जातिवाचक शब्द तयार होतात. वैदिक शब्दांची फोड करणाऱ्या यास्काने आपल्या 'निरुक्त' ग्रंथात (३.७) मात्र एकावर न थांबता बरेच पर्याय दिलेत: 'मत्वा कर्माणि सीव्यन्ति', म्हणजे विचार करून कर्मं शिवतात ते मनुष्य, किंवा मनूची नाहीतर मनुषाची लेकरं. पहिली फोड फार सुंदर आहे पण त्यात 'सिव्' धातू ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो, पाणिनीचीच वाट सरळ. खुद्द 'मनु' हा 'मन्' (विचार करणे) धातूवरून आला असावा असं बहुतेक जण धरतात. इंग्रजी 'मॅन' आणि रोमन इतिहासकार टॅसिटसने इ. स. ९८ च्या सुमारास नोंदवलेला जर्मन लोकांचा पूर्वज 'मन्नुस' हेही याच कुळातले मानतात, पण 'ह्युमॅनिटी' त्यातला नाही, लॅटिन 'होमो' चं नातं 'ह्युमुस' म्हणजे मातीशी लावतात.

आता '-की'. गावकी, भावकी, पाटीलकी, आपुलकी यांत तोच दिसतो (मालकी यात धरू नये, ते मालक + ई आहे). फारसी '-गी' शी (बंदगी, जिंदगी) साम्य आहे खरं, पण भावकी, आपुलकीसारख्या अस्सल देशी शब्दांना तो इतका सहज लागतो की 'क' + 'ई' हीच फोड जास्त पटते.

लिहिताना 'णु' ऱ्हस्वच, 'माणूसकी' चूक.

मानवता, मनुष्यत्व हे तत्सम पर्याय, जास्त करून ग्रंथात. दलित चळवळीच्या मराठीत 'माणुसकीचे हक्क' हा प्रयोग रुळला, त्यात दया मागे पडते आणि बरोबरी पुढे येते. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाबद्दल (२० मार्च १९२७) वाचताना हाच अर्थ घ्यायचा, तिथे दया असा अर्थ घेतला तर सगळं वाक्यच चुकतं.