जुना चित्रपट कॉपीराइटमधून मुक्त झाला आहे का, हे कसे तपासावे?

भारतात चित्रपटावरील कॉपीराइट संपावा म्हणून अर्ज करावा लागत नाही. कॉपीराइट अधिनियम, 1957 च्या कलम 26 नुसार चित्रपट ज्या वर्षी प्रथम प्रकाशित झाला, त्याच्या पुढील वर्षाच्या 1 जानेवारीपासून साठ वर्षे मोजली जातात आणि ती पूर्ण होताच चित्रपट आपोआप सर्वांचा होतो. भालजी पेंढारकरांचा ‘साधी माणसं’ 1965 साली प्रदर्शित झाला. त्यामुळे त्याची मुदत 31 डिसेंबर 2025 रोजी संपली.

पुरावा हवा तो प्रथम प्रदर्शनाच्या वर्षाचा. सेन्सॉर प्रमाणपत्र उपयोगी पडते, पण केवळ त्यावर विसंबू नये; डिसेंबरात प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट जानेवारीत लागला असेल, तर मुदत वर्षभर पुढे जाते. त्यामुळे त्या काळातील वर्तमानपत्रांतील जाहिरातींच्या प्रती जोडून ठेवाव्यात. कॉपीराइट नोंदवही शुल्क भरून पाहता येते. मात्र नोंदणी ऐच्छिक असल्याने तिथे नाव नाही, एवढ्यावरून हक्क नाही असे ठरत नाही.

खरी गफलत होते ती पुढे. चित्रपट मुक्त झाला तरी त्यातील कथा, गीते आणि संगीत यांचे हक्क कलम 13 नुसार स्वतंत्र राहतात आणि त्यांची मुदत रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे चालते. ‘साधी माणसं’चे संगीत ‘आनंदघन’ या नावाने लता मंगेशकर यांनी दिले होते. त्यांचे निधन 2022 मध्ये झाले, म्हणून ते संगीत 2082 अखेरपर्यंत संरक्षित आहे. ‘ऐरणीच्या देवा तुला’ लिहिणारे जगदीश खेबुडकर 2011 मध्ये गेले, म्हणजे त्या गीताची मुदत 2071 अखेरपर्यंत आहे. करारानुसार मालकी निर्मात्याकडे वा ध्वनिमुद्रिका कंपनीकडे गेली असली तरी मुदत मोजायची ती रचनाकाराच्या मृत्यूवरूनच. चित्रपट दाखवताना ही गाणी वाजणारच, त्यामुळे त्यांच्या आजच्या हक्कधारकांची लेखी परवानगी आधी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात प्रत जतन केलेली असली, तरी प्रत जवळ असणे आणि हक्क असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. नव्याने केलेल्या उपशीर्षकांवरही ती करणाऱ्याचा हक्क असू शकतो. आणि जाहीर खेळासाठी सिनेमॅटोग्राफ अधिनियम, 1952 खालील प्रमाणपत्र कॉपीराइट संपल्यानंतरही लागतेच.