श्रीरामपूर-बेलापूर: स्टेशन एकच!

‘रुळाच्या एका बाजूला श्रीरामपूर स्टेशन, दुसऱ्या बाजूला बेलापूर’ हे कोडं स्पर्धा परीक्षांच्या नोट्सपासून व्हॉट्सॲपपर्यंत वर्षानुवर्षं फिरतंय. ऐकायला झकास, पण खोटं. अहिल्यानगर जिल्ह्यात दौंड-मनमाड मार्गावर या जागी आहे ते एकच स्टेशन, बेलापूर नावाचं. रूळ पडले तेव्हा परिसरातलं नाव असलेलं गाव म्हणजे प्रवरेकाठचं बेलापूर; ते स्टेशनपासून काही किलोमीटर लांब, तरी नाव त्याचंच लागलं. श्रीरामपूरची बाजारपेठ स्टेशनाभोवती नंतर वाढली. म्हणून उतरायचं श्रीरामपुरात, स्टेशनचा कोड मात्र बीएपी, म्हणजे बेलापूरचा. यात नवी मुंबईचं बेलापूर घुसडणारे महाभागही भेटतात. त्यांनी तिकीट जपून काढावं.