आधी सुया की आधी क्रोशा? या प्रश्नाच्या मागचा इतिहास

ठाण्यात डिसेंबर लागला की लोकरीच्या दुकानात हा प्रश्न हमखास ऐकू येतो, शिकायचंय, पण दोन सुयांवरचं शिकू का क्रोशा? उत्तर बहुतेक वेळा "क्रोशा सोपा" एवढंच मिळतं. चूक नाहीये ते, पण अर्धवट आहे. दोन्ही कला वेगळ्या जन्मल्या, वेगळ्या वाढल्या आणि आपल्याकडे आल्या त्याही वेगवेगळ्या कामासाठी, आणि हे एकदा कळलं की निवड बरीचशी आपोआप होते.

आधी सुया, कारण वयाने त्या मोठ्या. विणकाम म्हणजे लोकर आणि लोकर म्हणजे युरोपातली थंडी असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं, पण सुयांवरच्या विणकामाचे सगळ्यात जुने नमुने मिळालेत इजिप्तमध्ये, साधारण ११व्या ते १४व्या शतकातले, आणि ते चक्क सुती आहेत. पांढऱ्या आणि निळीच्या दोऱ्यांनी विणलेले नक्षीदार मोजे. त्याच्याही कितीतरी आधीचे, अंगठा वेगळा असलेले मोजे तिथेच सापडलेत, दिसायला अगदी विणल्यासारखे, पण ते एकाच सुईने दोऱ्याचे तुकडे जोडत जोडत केलेले, ती पद्धतच निराळी. मग ही कला स्पेनमध्ये दिसते. १२७५ साली वारलेला कॅस्टिलचा राजपुत्र फर्नांडो द ला सेर्दा, त्याच्या कबरीत बुर्गोसला रेशमी विणलेल्या उशा मिळाल्या, इतक्या बारीक की आज कोणी तसं विणायला बसेल असं वाटत नाही. गंमत म्हणजे साधारण त्याच काळात मार्को पोलोच्या वर्णनात आपल्या ठाण्याचं नाव येतं, चामडं आणि सुती कापड बाहेर पाठवणारं बंदर म्हणून, अर्थात ते कापड मागावरचं.

नवीन शिकणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. उलट टाका, म्हणजे दोरा पुढे ठेवून फास मागे काढायचा तो टाका (सुलट त्याच्या उलटा), जमत नाही म्हणून कितीतरी जणी सुया सोडून देतात, पण ह्या टाक्याचा सगळ्यात जुना ज्ञात पुरावा थेट १५६२ सालचा आहे, फ्लोरेन्सची डचेस एलिओनोरा दि तोलेदो हिच्या दफनातल्या मोज्यांवरचा. मोजे गोल विणले जायचे आणि गोल विणताना नुसत्या सुलट टाक्यांवर भागतं. सपाट तुकडा विणायचा आणि एक बाजू गुळगुळीत हवी, तेव्हा खरी उलट टाक्याची गरज पडते. त्यामुळे तो पहिल्या आठवड्यात नाही आला तर काहीही बिघडत नाही.

युरोपात १६व्या शतकात विणणाऱ्यांचे संघ झाले, ते पुरुषांचे होते आणि तिथे वर्षानुवर्षं उमेदवारी करावी लागायची. म्हणजे "हे बायकांचं रिकाम्या वेळचं काम" हा शिक्का खूप नंतरचा. मग १५८९ साली नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टन गावात विल्यम ली नावाच्या पाद्र्याने मोजे विणायचं यंत्र बनवलं. एलिझाबेथ राणीने त्याला पेटंट दिलं नाही असं सांगतात, आणि तो शेवटी फ्रान्सला गेला, पण यंत्र काही थांबलं नाही. १८११मध्ये त्याच नॉटिंगहॅम भागात कारागिरांनी चौकटी फोडल्या त्या ह्याच मोज्यांच्या यंत्रांच्या. आज आपण लोकलमध्ये घामाघूम होऊन उभे असतो तेव्हा अंगात जो टीशर्ट असतो तोही विणलेलाच असतो, ताणला जातो तो त्याच फासांमुळे, फक्त तो मशीनने विणलेला असतो.

क्रोशाचं मात्र सगळं वेगळं. तो खूप अलीकडचा आहे. मूळ नक्की कुठलं यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण एक मत मला फार पटतं. आपल्याकडे जरीवाले कारागीर खाटेसारख्या चौकटीवर कापड ताणून आरीने, म्हणजे टोकाला आकडा असलेल्या सुईने, साखळी टाका घालतात ना, त्या जातीचं काम पूर्वेकडून १८व्या शतकात युरोपात गेलं, आणि मग कधीतरी कोणीतरी खालचं कापडच काढून टाकलं आणि साखळी नुसती हवेत विणली. क्रोशाचे छापील नमुने पहिल्यांदा दिसतात ते १८२३ साली, पेनेलोपे नावाच्या डच मासिकात. म्हणजे सगळा मिळून दोनशे वर्षांचा खेळ!

आणि वाढला तो पोटासाठी. १८४५नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक कुजून भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा कॉर्कजवळच्या उर्सुलाइन कॉन्व्हेंटसारख्या ठिकाणी क्रोशाची लेस शिकवली गेली, कारण सुईने केलेल्या महागड्या लेससारखी दिसणारी वस्तू क्रोशावर कितीतरी कमी वेळात व्हायची आणि भांडवल काय तर एक आकडा आणि दोरा. एकेका घराचं आपापलं फूल, आपापलं पान, मग ते सगळं गोळा करून जोडायचं. ह्या पैशावर घरं जगली. मला हे वाचून क्रोशाबद्दल जो आदर वाटायला लागला तो अजून तसाच आहे.

भारतातही तो मिशनऱ्यांबरोबर आला. आंध्रमध्ये गोदावरीकाठच्या नरसापूरला १८४०च्या दशकात स्कॉटिश मिशनऱ्यांनी लेस शिकवली, तिथल्या बायका आजही घरी बसून ते काम करतात, जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, मजुरी मात्र फार थोडी मिळते. आपल्याकडे १९०९ साली पुण्यात रमाबाई रानड्यांनी सेवासदन काढलं त्यात बायकांना शिकवायच्या कामांत शिवण आणि हस्तकला होती, आणि असल्या वर्गांमधून, शाळांमधून हे हातकाम मराठी घरांत मुरत गेलं. रुखवतातलं तोरण, ताटावरचा रुमाल, टीव्हीवरचं झाकण, सगळं सुती दोऱ्याचं. सुया निघायच्या त्या घरात बाळ येणार असलं की. टोपडं, मोजे, स्वेटर, संपलं. ठाण्यात १९२५पासून रेमंडची लोकरीची मिल होती, आता तिथे टॉवर उभे आहेत, पण तिथलं कापड मागावरचं, त्यामुळे हातविणीशी त्याचा फारसा संबंध नाही, आणि ठाण्याच्या किंवा वाशीच्या हवेत मोठ्या माणसाला स्वेटर लागतो तरी किती दिवस?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, इथे राहणाऱ्या नवशिक्याने क्रोशाने सुरुवात करावी. सोपा म्हणून नाही, तर तो सुती दोऱ्यावर वाढलेला आहे म्हणून. सुती दोऱ्याला ताण नसतो, सुयांवर शिकताना तो बोटांना त्रास देतो, क्रोशावर चालून जातो, आणि आपल्याकडे घामात लोकर हाताळण्यापेक्षा सुती केव्हाही बरं. शिवाय क्रोशात एका वेळी एकच फास मोकळा असतो, चुकलं तर ओढायचं आणि परत साखळीपासून खांबापर्यंत, म्हणजे साखळीवर घालायच्या उभ्या टाक्यापर्यंत, यायचं. सुयांवर सगळी ओळच्या ओळ मोकळ्या फासांची असते, एक निसटला की खालपर्यंत शिडी पडते. पण ज्यांना मोजे, टोपडं, अंगाला बसणारं काही करायचंय त्यांनी सरळ सुया घ्याव्यात, तो ताण क्रोशाला तेवढा येत नाही आणि क्रोशाला दोराही जास्त लागतो.

अजून एक, दोन्हींपैकी काहीही शिका पण हे माहीत असू द्या की क्रोशा खऱ्या अर्थाने विणणारं यंत्र कारखान्यात अजून आलेलं नाही. मॉलमध्ये क्रोशाचा टॉप तीनचारशेला लटकलेला दिसला आणि तो खराच क्रोशाचा असला, तर तो कुठल्यातरी बाईने हाताने, एकेक खांब घालत केलेला आहे, आणि त्या किमतीत दुकानदार, दलाल, वाहतूक सगळे बसवल्यावर तिच्या वाट्याला काय आलं असेल ते स्वतः एक साधा रुमाल पुरा केलात की हिशोब न मांडता कळतं.