दुर्वाच्य दस्तऐवजांचे प्रतिमासंस्करण

जीर्ण, डागाळलेल्या किंवा शाई उडालेल्या ऐतिहासिक लेखांच्या डिजिटल छायाचित्रांवर संगणकाने प्रक्रिया करून त्यांतील अक्षरे वाचनीय करण्याची पद्धती. मूळ पानाला काहीही न लावता हे काम होते. एकोणिसाव्या शतकात युरोपातील ग्रंथालयांत पुसट अक्षरे उठावीत म्हणून चर्मपत्रांवर मायफळाचा अर्क किंवा तत्सम रसायने लावीत; अक्षरे तेवढ्यापुरती दिसत, पुढे पानेच काळवंडत.

तंत्राच्या उगमाबद्दल एकवाक्यता नाही. लोकप्रिय लेखनात आर्किमिडीजच्या हस्तलिखितापासून आरंभ धरण्याची प्रवृत्ती आहे, पण ते या तंत्राचे गाजलेले उदाहरण होय, आरंभ नव्हे. १८९४ च्या सुमारास भौतिकीविज्ञ एर्न्स्ट प्रिंग्सहाइम आणि विधीच्या इतिहासाचे अभ्यासक ओटो ग्राडेनव्हिट्स यांनी खरवडून पुन्हा लिहिलेल्या चर्मपत्राची दोन छायाचित्रे घेतली : एकात दोन्ही लेख दिसतील, दुसऱ्यात प्रामुख्याने वरचाच लेख उमटेल अशी. एकाची निगेटिव्ह व दुसऱ्याची पॉझिटिव्ह एकमेकींवर ठेवली की वरचा लेख कटून खालचा उरे. आजच्या सॉफ्टवेअरमधील दोन प्रतिमांची वजाबाकी तत्त्वतः हीच. पुढे पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे जर्मनीतील ब्यूरोन मठात राफाएल क्योगेल यांनी जंबुपार (अतिनील) किरणांचा वापर रुळवला. त्या प्रकाशात चर्मपत्र उजळते आणि उडालेल्या शाईची जागा काळी दिसते. संगणकाचा प्रवेश १९७० नंतरच्या दशकातला. मध्ययुगाचे इतिहासकार जॉन बेंटन यांनी पासाडेना येथील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतील ॲलन गिलेस्पी व जेम्स सोहा यांच्यासह केलेले काम १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रहांच्या छायाचित्रांसाठी घडलेली साधने त्यात हस्तलिखितांवर वापरली होती. तत्त्वाचा मान १८९४ च्या जोडीला आणि अंकीय पद्धतीचा या त्रयीला देणे अधिक सयुक्तिक वाटते.

आर्किमिडीजच्या ग्रंथांची दहाव्या शतकातील प्रत खरवडून १२२९ मध्ये तिच्यावर प्रार्थनापोथी लिहिली गेली. १९९८ मधील लिलावानंतर बॉल्टिमोरच्या वॉल्टर्स कलासंग्रहालयात रॉजर ईस्टन, कीथ नॉक्स व विल्यम क्रिस्टेन्स-बॅरी यांनी तिच्यावर काम केले. तांबड्या प्रकाशात खालचा लेख जवळजवळ नाहीसा होई, जंबुपार प्रकाशात तो उठे. पहिली प्रतिमा रंगीत चित्राच्या तांबड्या स्तरात आणि दुसरी हिरव्या व निळ्या स्तरांत घातल्यावर वरची प्रार्थना करडी व खालचे गणित लाल दिसू लागले.

साध्या स्कॅनवरही बरेच साधते. तांबडा, हिरवा, निळा हे तीन स्तर सुटे करून पाहणे ही पहिली पायरी. लोह-मायफळाची शाई उडून फिकट तपकिरी झाली असेल तर निळा स्तर घ्यावा. तपकिरी रंग निळा प्रकाश शोषतो, त्यामुळे अक्षर गडद होते. काजळाच्या शाईवर पाण्याचा पिवळट डाग पडला असेल तर उलट तांबडा स्तर घ्यावा. डाग विरतो, काजळ काळेच राहते. मात्र पोथीतील हिंगुळाचे दंड आणि लाल शिक्केही त्याच स्तरात गायब होतात. तिन्ही स्तर जवळपास सारखेच दिसत असतील तर विसहसंबंधन ताण ही रीत उपयोगी पडते : रंगांचे अक्ष फिरवून त्यांतील सूक्ष्म फरक सारख्या प्रमाणात ताणतात आणि अक्ष पूर्ववत करतात. सोहा व गिलेस्पी यांची नावे या रीतीच्या इतिहासातही येतात. जॉन हार्मन यांनी ती शैलचित्रांसाठी इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरला जोडून दिली. निकाल भडक रंगांचा असतो, त्याला हरकत नाही. अडचण येते ती जेपीजी फाइलची. जागा वाचवण्यासाठी जेपीजी रंगाचा तपशील आधीच कमी करते आणि चित्र आठ गुणिले आठ बिंदूंच्या चौकटींत दाबते. ताण दिल्यावर त्या चौकटीच ठळक होतात. म्हणून सॉफ्टवेअर कोणते यापेक्षा मूळ टिफ फाइल मिळते का, हा प्रश्न महत्त्वाचा.

मोडी कागदपत्रे बहुतेक काजळाच्या शाईची असल्याने शाई उडण्यापेक्षा ओल, कसर, घडीवरची झीज आणि पाठीमागून उमटलेला मजकूर यांचाच त्रास जास्त. पाठीमागच्या मजकुरासाठी दोन्ही बाजूंची छायाचित्रे घेऊन एक आरशातल्यासारखी उलटवतात, पहिलीवर बसवतात व वजा करतात. हातकागद सुरकुतलेला असल्यास ती नेमकी बसत नाहीत. अवरक्त छायाचित्रणात काजळ स्पष्ट राहते, पण साध्या कॅमेऱ्यातील गाळणी ते किरण अडवते.

काळे-पांढरे करण्यासाठी ओत्सू यांची १९७९ ची पद्धत सर्रास वापरतात. ती संपूर्ण पानाला एकच उंबरठा, म्हणजे ज्याहून गडद ते काळे व फिकट ते पांढरे धरायचे अशी मर्यादा, लावते. एका कोपऱ्यात ओल असली की तो कोपरा काळा पडतो. स्थानिक उंबरठ्याच्या पद्धती येथे बऱ्या. सॉफ्टवेअरमधील ठिपके काढणाऱ्या गाळण्या हिशेबाच्या कागदावर मुळीच लावू नयेत. जुन्या हिशेबात पाव, अर्धा व पाऊण रुपया ।, ॥, ॥। अशा उभ्या रेघांनी आणि सुटे आणे आडव्या रेघांनी दाखवीत. गाळणीच्या दृष्टीने आण्याची आडवी रेघ म्हणजे कचरा, आणि कागदाचा उभा तंतू उरला तर तो पावली ठरतो. पाच रुपये आठ आण्यांचे पावणेसहा असे होऊ शकतात. संस्कारित प्रतिमेत दिसलेली रेघ मूळ स्कॅनच्या निदान एका स्तरात सापडली तरच वाचनात घ्यावी, एरवी ती चौकोनी कंसात द्यावी; कोणत्या क्रमाने कोणते संस्कार केले त्याची टीप प्रतिमेसोबत ठेवावी.