जुन्या विंडोजला हार्ड डिस्क का दिसत नाही?

खानदेशात जिनिंगच्या काट्यावर, डाळ मिलच्या ऑफिसात आजही विंडोज एक्सपीवरच चालणारं एखादं जुनं सॉफ्टवेअर असतं. पीसी बंद पडला की जळगाव किंवा धुळ्याहून सेकंडहँड मशीन येतं, एक्सपीची सीडी लागते आणि निळा पडदा सांगतो: हार्ड डिस्क सापडली नाही. लगेच डिस्क खराब ठरवून नवी घेतली जाते. हा खर्च बहुतेक वेळा फुकट जातो, आणि ऐन कापसाच्या हंगामात काटा बंद राहतो तो वेगळाच.

खरं कारण तारखांमध्ये आहे. एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ ला बाजारात आली. तेव्हा घरोघरच्या पीसीत रुंद रिबन केबलच्या आयडीई डिस्क होत्या आणि सीडीतले ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला हार्डवेअरशी बोलू देणारे छोटे प्रोग्रॅम, त्यांच्यासाठीच होते. साटा, म्हणजे बारीक केबलच्या नव्या डिस्क, रुळल्या त्यानंतर. साटा डिस्कशी बोलण्याची एएचसीआय ही पद्धत इंटेलने २००४ मध्ये जाहीर केली. तिचा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टने एक्सपीच्या सीडीत कधीच घातला नाही, २००८ च्या सर्व्हिस पॅक ३ या शेवटच्या मोठ्या अपडेटमध्येसुद्धा नाही. तो विंडोजसोबत मिळू लागला एक्सपीनंतरच्या व्हिस्टापासून, म्हणजे २००७ मध्ये.

बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या विंडोजच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, डिस्कचं नाव मात्र नीट दिसतं, आणि तिथेच माणूस गोंधळतो. बायोस स्वतःच्या कोडने डिस्क वाचतो. एक्सपीचा सेटअप सुरुवातीला बायोसच्या आधाराने चालतो, पण स्वतःचे ड्रायव्हर चढवल्यावर तो आधार सोडतो. त्या क्षणी डिस्क हरवते. एक्सपी असलेली जुनी डिस्क तशीच नव्या मशीनला जोडली, तर विंडोजचा लोगो येतो आणि मग स्टॉप ७बी हा एरर. दुखणं तेच.

यावर मायक्रोसॉफ्टने ठेवलेली वाट एफ६ ची. सेटअप सुरू होताच ते बटण दाबून ड्रायव्हर द्यायचा. ही सोय मुळात सर्व्हरच्या स्कझी आणि रेड या डिस्क जोडायच्या कार्डांसाठी होती, आणि ती फक्त फ्लॉपीतून ड्रायव्हर वाचत असे. एएचसीआय सर्वत्र पोचेपर्यंत पीसीतून फ्लॉपी ड्राइव्ह जाऊ लागले होते. म्हणून एनलाइटसारख्या, विंडोजची सीडी बदलून देणाऱ्या साधनाने ड्रायव्हर सीडीतच मिसळायची पद्धत रूढ झाली.

बायोसमध्ये साटा मोड एएचसीआयवरून आयडीई करणं हा सर्वांत सोपा उपाय. थोडा वेग जातो, पण काट्याच्या पावत्या छापणाऱ्या मशीनला तो जाणवणारही नाही. मात्र बायोसच्या जागी यूईएफआय आलेल्या नव्या मशीनमध्ये हा पर्याय सहसा नसतो. त्यामुळे पैसे देण्याआधी दुकानातच बायोस उघडून पाहावं.

पुढच्या पिढ्यांतही हेच घडलं. विंडोज ७ आली २००९ मध्ये, एनव्हीएमई या वेगवान एसएसडीच्या पद्धतीचं पहिलं प्रमाण २०११ मध्ये. म्हणून विंडोज ७ च्या मूळ डीव्हीडीला एनव्हीएमई डिस्क दिसत नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीच्या लॅपटॉपवर व्हीएमडी ही डिस्क हाताळायची इंटेलची सोय चालू असेल, तर विंडोज १० चा सेटअपही रिकामी यादी दाखवतो. तिथे ‘लोड ड्रायव्हर’ निवडून पेन ड्राइव्हवरून इंटेलचा ड्रायव्हर द्यावा लागतो. त्या फाइलच्या नावात इंटेलने एफ६ आणि फ्लॉपी हे दोन्ही शब्द ठेवले आहेत.

एक्सपीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, ८ एप्रिल २०१४ ला संपला. म्हणून काट्याचं मशीन सुरू झालं, की त्याला इंटरनेट जोडू नये.