आप्रवासन आणि राष्ट्रीय ओळख

एका देशातून दुसऱ्या देशात जाऊन तिथे दीर्घकाळ किंवा कायमचे राहणे, याला यजमान देशाच्या बाजूने आप्रवासन म्हणतात. मायदेशाच्या बाजूने तेच उत्प्रवासन. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जन्मदेशाबाहेर राहणाऱ्यांची संख्या ३० कोटी ४० लाख होती, म्हणजे जगाच्या लोकसंख्येच्या ३.७ टक्के. शंभरातले शहाण्णवहून अधिक लोक आपल्या देशातच राहतात. तरीही आप्रवासनाइतका चटकन पेटणारा विषय राजकारणात क्वचितच सापडेल. याचे एक कारण असे, की एरवी राष्ट्राची ओळख सणवार, गाणी आणि पाठ्यपुस्तकांत सैलपणे नांदत असते. बाहेरून आलेला माणूस नागरिकत्वाचा अर्ज घेऊन उभा राहिला, की मात्र ‘आपण’ म्हणजे कोण हे कायद्याच्या नेमक्या शब्दांत लिहावे लागते. त्यामुळे एखादा देश स्वतःला काय समजतो हे पाहायचे असेल, तर त्याचा नागरिकत्वाचा कायदा वाचावा.

जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाची दोन तत्त्वे आहेत. एक जन्मभूमीचे : जो या मातीत जन्मला तो इथला. दुसरे वंशाचे : ज्याचे आईवडील इथले तो इथला. बहुतेक देश दोहोंचे मिश्रण वापरतात. अमेरिकेच्या संविधानात १८६८च्या चौदाव्या दुरुस्तीने जन्मभूमीचे तत्त्व आले. १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत यायला बंदी झाली होती. ती लागू असतानाच १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेल्या वाँग किम आर्क यांना जन्माने नागरिक ठरवले. बाप नागरिक होऊ शकत नाही आणि मुलगा मात्र जन्मतःच नागरिक, अशी घरे त्यातून तयार झाली.

परदेशात जन्मलेल्याने नागरिक व्हायचे, तर १७९०च्या कायद्यानुसार तो ‘मुक्त गोरी व्यक्ती’ असणे आवश्यक होते. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात सेवा केलेले, अमृतसर जिल्ह्यातले भगतसिंग थिंद १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. तत्कालीन वंशशास्त्र पंजाबी माणसाला युरोपीयांबरोबर कॉकेशियन गटात घालत होते, पण न्यायालय म्हणाले की सामान्य माणूस ‘गोरा’ या शब्दाने जे समजतो तेच ग्राह्य. या निकालानंतर आधी नागरिकत्व मिळालेल्या अनेक भारतीयांचेही नागरिकत्व काढून घेण्यात आले. भारतीयांना ती वाट १९४६च्या कायद्याने खुली झाली, तीही वर्षाला १०० जणांच्या कोट्यासह. १९२० मध्ये आलेले, गणितात पीएच.डी. मिळवूनही कॅलिफोर्नियात शेती करणारे दलीप सिंग सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहावर निवडून आले. येण्यापासून नागरिक होईपर्यंतच्या एकोणतीस वर्षांत माणूस तोच होता. बदलला तो कायदा.

ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये वंशाचे नाव न घेता तेच साधले. नको असलेल्या आगंतुकाला एका युरोपीय भाषेत ५० शब्दांचे श्रुतलेखन द्यावे लागे आणि भाषा निवडायची अधिकाऱ्याने. १९३४ मध्ये नाझीविरोधी पत्रकार एगॉन किश यांना देशात येऊ द्यायचे नव्हते. त्यांना अनेक भाषा येत असल्याने त्यांची परीक्षा स्कॉटिश गेलिकमध्ये घेण्यात आली. ते नापास झाले. पुढे तिथल्या उच्च न्यायालयाने गेलिक ही या कायद्याच्या अर्थाने युरोपीय भाषा नाही असे सांगून त्यांना सोडवले. ही परीक्षा १९५८ पर्यंत टिकली.

पश्चिम जर्मनीचा अनुभव सर्वांत बोलका आहे, म्हणून तो विस्ताराने पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांना माणसे कमी पडू लागली, तेव्हा सरकारने इटली (१९५५), तुर्कस्तान (१९६१), पोर्तुगाल (१९६४) अशा देशांशी कामगारभरतीचे करार केले. या कामगारांना ‘पाहुणे कामगार’ म्हटले गेले. तुर्की करारात सुरुवातीला दोन वर्षांची मुदत होती. पण शिकवून तयार केलेला माणूस परत पाठवून नवा आणणे मालकांना परवडेना आणि ती अट १९६४ मध्ये गेली. त्याच वर्षी १० सप्टेंबरला कोलोनच्या डॉइट्स स्थानकावर दहा लाखाव्या पाहुण्याचे स्वागत झाले : पोर्तुगालचे सुतार आर्मांदो रोद्रिगेस दे सा. त्यांना पुष्पगुच्छ आणि एक मोपेड भेट मिळाली. ती गाडी आज बॉनच्या इतिहास संग्रहालयात आहे.

पाहुणा म्हटले की त्याला भाषा शिकवायची, मतदार करायचे, त्याच्या मुलांच्या शाळेचा विचार करायचा, यांतले काहीच करावे लागत नाही. वर्षानुवर्षे तेच घडले. १९७३ मध्ये भरती थांबली आणि उलटाच परिणाम झाला. एकदा गेलो तर पुन्हा येता येणार नाही हे ओळखून अनेकांनी परतण्याऐवजी बायकामुलांना बोलावून घेतले. पुढे ‘हे लोक मिसळत नाहीत’ अशी तक्रार सुरू झाली, आणि मिसळण्याची वाट कायद्यानेच अडवली होती हे फार उशिरा मान्य झाले. नागरिकत्वाचा पाया १९१३च्या वंशाधारित कायद्याचाच होता. जर्मनीत जन्मलेल्या परदेशी पालकांच्या मुलांना, पालकांच्या वास्तव्याच्या अटीवर, जन्मतः नागरिकत्व मिळू लागले ते १ जानेवारी २००० पासून.

कामधंद्याच्या संधीच्या बाजूने पहिला प्रश्न असतो : बाहेरचे आले की इथल्यांची नोकरी जाते का? कामाचा साठा ठरावीक असता तर गेली असती. पण आलेला माणूस घर भाड्याने घेतो, बाजारहाट करतो, केस कापून घेतो, म्हणजे कामे निर्माणही करतो. १९८० मध्ये क्यूबाच्या मारियेल बंदरातून सुमारे सव्वा लाख लोक काही महिन्यांत फ्लॉरिडात उतरले आणि मायामीचे श्रमबळ ७ टक्क्यांनी वाढले. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांना १९९०च्या अभ्यासात स्थानिक अकुशल कामगारांच्या वेतनावर वा बेरोजगारीवर ठळक परिणाम आढळला नाही. स्वतः क्यूबातून आलेले जॉर्ज बोर्हास यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासून शालेय शिक्षण अर्धवट सोडलेल्यांचे वेतन बरेच घसरल्याचा दावा केला, आणि हा वाद अजून मिटलेला नाही. नोकरीपेक्षा घरभाडे, शाळेतल्या जागा आणि दवाखान्यातल्या रांगा यांवरचा ताण लोकांना आधी जाणवतो. लाभ देशभर पसरतो, भार मात्र काही वस्त्यांवर पडतो. अशा वस्तीतल्या माणसाच्या तक्रारीला सरसकट द्वेष म्हणणे अन्यायाचे आहे.

संधी हुकते ती आलेल्यांचीही. मायदेशातली पदवी ग्राह्य धरली जात नाही, म्हणून डॉक्टर रुग्णसेवकाचे आणि अभियंता गोदामातले काम करतो. यात त्या माणसाइतकेच यजमान देशाचेही नुकसान होते.

ओळखीबाबत देशांनी वेगवेगळे मार्ग धरले. कॅनडाने १९६७ मध्ये शिक्षण, भाषा आणि कौशल्य यांना गुण देणारी निवडपद्धत आणली आणि १९७१ मध्ये बहुसांस्कृतिकता हे अधिकृत धोरण केले. फ्रान्सने नागरिक तेवढा एक, त्याचा धर्म आणि वंश खाजगी, ही भूमिका घेतली. आखाती देशांत परदेशी कामगार प्रचंड संख्येने असतात, पण नागरिकत्वाचे दार त्यांना जवळजवळ बंद असते.

खरी गुंफण दुसऱ्या पिढीत होते. दवाखान्यात आठ-नऊ वर्षांचे मूल आईशेजारी उभे राहून तिचे दुखणे डॉक्टरांच्या भाषेत सांगते आणि डॉक्टरांचे म्हणणे तिच्या भाषेत. काही शब्द त्याला दोन्हीकडे ठाऊक नसतात. काही बातम्या ते जाणूनबुजून सौम्य करते. घरी ते ‘तिकडच्यासारखे’ वागते म्हणून बोलणी खाते आणि शाळेत त्याला ‘मूळचा कुठला’ असे विचारतात. तुर्कस्तानात जन्मलेले उगुर शाहीन चार वर्षांचे असताना जर्मनीत आले; वडील कोलोनच्या मोटार कारखान्यात कामगार होते. त्यांनी व त्यांच्या पत्नी, तुर्की स्थलांतरितांची जर्मनीत जन्मलेली मुलगी उझलेम ट्युरेजी यांनी स्थापलेल्या बायोएनटेक या कंपनीने २०२० मध्ये फायझरसह कोविडची लस आणली, तेव्हा दोघे जर्मनीचे म्हणून जगभर ओळखले गेले.

२०२४ मध्ये जर्मनीने दुहेरी नागरिकत्वाला सर्वसाधारण मुभा दिली. त्याच कायद्यात पाहुणे कामगारांच्या पिढीसाठी वेगळी सवलत आहे : त्यांना नागरिकत्वाची लेखी परीक्षा माफ आहे आणि रोजच्या व्यवहारापुरते जर्मन बोलता आले तरी पुरते. त्यांच्या उमेदीच्या काळात त्यांना भाषा शिकवायची सोय कोणी केली नव्हती, हे त्यामागचे कारण.