इमेज क्लिपिंग : फोटो आकारात बसवणं

इमेज क्लिपिंग म्हणजे फोटो स्क्रीनवर उमटवताना ठरलेल्या आकाराच्या आतलेच पिक्सेल रंगवायचे, बाहेरच्यांना हातच लावायचा नाही. मूळ फाइल आहे तशी चौकोनीच राहते. जळगाव-धुळ्याकडे कुठल्याही चौकात वाढदिवसाचा नाहीतर कानबाईच्या उत्सवाचा फ्लेक्स बघा, खाली शुभेच्छुकांच्या गोल गोल फोटोंची रांग असतेच. फ्लेक्सच्या दुकानातला पोरगा कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवरक्लिप (फोटो आकारात बसवायची तयार सोय) मारून मोकळा होतो, पण तेच काम कोडमधून करायचं, म्हणजे समजा भुसावळच्या एखाद्या कॉलेजसाठी आयडी कार्डचं सॉफ्टवेअर लिहायचंय, तर आत काय चालतं ते माहीत पाहिजे.

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत (तिचा चित्रं काढायचा भाग, जावा टूडी, १९९८ साली जेडीके १.२ या आवृत्तीसोबत आला) चित्र काढणाऱ्या ग्राफिक्स ऑब्जेक्टला सेटक्लिप या कमांडने लंबगोल द्यायचा, हा आकार म्हणजेच क्लिप, आणि मग ड्रॉइमेजने फोटो काढायचा, झालं. सेटक्लिपऐवजी नुसती क्लिप ही कमांड वापरली तर नवा आकार जुन्या क्लिपला छेदून जेवढा भाग सामाईक तेवढाच उरतो, सेटक्लिप मात्र जुनं पुसून नवं लावतं, आणि एकामागून एक कार्डं काढणाऱ्या लूपमध्ये हा फरक विसरला की दुसऱ्या कार्डापासून फोटो गायब. म्हणून जुना क्लिप आधी गेटक्लिपने बाजूला ठेवायचा, काम झालं की परत लावायचा. विंडोजच्या जीडीआयमध्ये (चित्रं काढायची जुनी लायब्ररी) हेच रीजन, म्हणजे हव्या आकाराचा भाग, बनवून करतात.

खरी डोकेदुखी कडेची. जावाचा हा क्लिप पिक्सेलला फक्त आत की बाहेर एवढंच विचारतो, अर्धा आत हा प्रकार नाही, त्यामुळे गोल फोटोची कड करवतीसारखी दातेरी येते आणि अँटीअलायझिंग (कडेचे पिक्सेल अर्धपारदर्शक करून कड मऊ करायची सोय) चालू केलं तरी फरक पडत नाही. जीडीआयच्या पुढच्या अवताराचं, जीडीआय प्लसचंही रडगाणं तेच. कैरो या चित्रं काढायच्या लायब्ररीत किंवा विंडोजवर प्रोग्रॅमच्या खिडक्या बनवायच्या डब्ल्यूपीएफमध्ये मात्र कड मऊ येते.

मग जावावाल्यांनी काय करायचं? पारदर्शक बफर्डइमेज (मेमरीतलं कोरं चित्र, म्हणजे बफर) घ्या, तिच्यावर अँटीअलायझिंग लावून भरीव गोल काढा, अल्फाकंपोझिट, म्हणजे रंग एकमेकांत मिसळायचा नियम, सोर्सइन वर ठेवा (नवं चित्र फक्त आधीच्या आकाराच्या आतच उमटतं) आणि वरून फोटो काढा. गोलाच्या कडेला जेवढी पारदर्शकता तेवढीच फोटोला मिळते. हे गणित कॉम्प्युटर ग्राफिक्सवाले पोर्टर आणि डफ यांनी १९८४ साली मांडलेलं. बफर मात्र गोलाएवढाच घ्यायचा भाऊ, ४००० बाय ३००० चा घेतला तर एका पिक्सेलला ४ बाइट धरून ४ कोटी ८० लाख बाइट नुसते त्यातच गेले, २०० बाय २०० ला १ लाख ६० हजारात भागतं.

त्याहून सोपं म्हणजे टेक्स्चरपेंट: फोटोलाच रंग समजून गोल भरून टाकायचा, जीडीआय प्लसमध्ये त्याच कामाला टेक्स्चरब्रश आहे. माझं मत विचाराल तर एकट्या फोटोला हेच बरं, क्लिप चौकोनी भागांसाठी ठेवावा. फक्त टेक्स्चरपेंटला दिलेला चौकोन फोटोच्याच प्रमाणात पाहिजे, नाहीतर उभ्या पासपोर्ट फोटोतलं तोंड चपटं होतं.

घाईत एक जुगाडही चालतो, साधा क्लिप लावायचा आणि कडेवरून ३-४ पिक्सेलची पांढरी रिंग अँटीअलायझिंगने ओढून दाते झाकायचे. पण रिंग ओढायच्या आधी क्लिप काढायचा, कारण रेघ कडेच्या दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी पडते, क्लिप तसाच राहिला तर बाहेरची निम्मी कापली जाते आणि दाते आता रिंगलाच दिसतात.